कान तुटका कप

सोसायटीचे चेअरमन रणदिवेसाहेब म्हणजे शिस्तीचा पुतळा. कचरा मात्र सगळा एकाच बादलीत. त्या सकाळी भाजीच्या देठांत फुटकी बाटली निघाली आणि कचरा न्यायला आलेल्या कौसाबाईंचा हात कापला.

"साहेब, ओला-सुका वेगळा ठेवा. काच तरी कागदात बांधून द्या."

साहेब खेकसले, "घरात सहा माणसं! कोण काय कुठे टाकतं, यावर पहारा ठेवू? वेगळं ठेवणं आमच्या घरात जमायचं नाही. पुन्हा बोललीस तर उद्यापासून दुसरी बाई येईल."

तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या. चपलांच्या स्टँडवर कौसाबाईंसाठी पालथा ठेवलेला कान तुटका कप त्यांनीच उचलून पुढे केला आणि सूनबाईंनी वरूनच चहा ओतला.

कौसाबाई कपाकडे बघत म्हणाल्या, "जमतं की, साहेब. घरात माणसं सहा, पण सात वर्षांत माझा हा कप एकदाही तुमच्या कपांत मिसळला नाही."

साहेबांची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी दारात दोन बादल्या होत्या. सुक्या बादलीत कागदाचं एक पुडकं होतं. त्यात तोच कान तुटका कप. सूनबाई ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये कप सात होते, आणि सगळे सारखे.