बंद गाडी बंद करून दाखव

एकदा घाटाखालच्या एका तिठ्यावर एक वृद्ध मिस्त्री राहत असत. त्यांचे गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, पण कीर्ती तीन तालुक्यांत. त्यांच्यापाशी तिशीतला एक शिष्य ही विद्या शिकत होता. शिष्य हुशार होता, कष्टाळू होता आणि अंमळ उतावळाही होता. हातात पाना आला की जगातला प्रत्येक नट त्याला सैल दिसू लागे.

श्रावणातल्या एका उघडिपीच्या सकाळी समोरच्या चहाच्या टपरीपुढे एक जुना ट्रक अडला. भिकाजी भोई हाच त्याचा मालक आणि हाच चालक. चहा पिऊन तो गाडीत बसला, पण गाडी सुरू होईना. स्टार्टर मारला की इंजिन गरगर फिरे आणि फिरून फिरून गप्प होई.

ट्रकच्या हौद्यात ताडपत्रीच्या सावलीला प्लॅस्टिकच्या फुगीर पिशव्या रचल्या होत्या. पिशवीत खाली पाणी, वर कोंडलेला प्राणवायू आणि त्या पाण्यात नखाएवढी माशांची पिल्ले, हजारोंनी. दोन वर्षे कोरडे पडलेले भिकाजीच्या गावचे तळे यंदा भरले होते आणि हे बीज त्यात सोडायचे होते. प्राणवायू दुपारपर्यंतच पुरणार होता. बीज मेले तर या हंगामात दुसरे मिळणार नव्हते. मग भोयांच्या चाळीस घरांनी वर्षभर तळ्याकडे नुसते बघत बसायचे.

मिस्त्री बाजाराला गेले होते. शिष्याने बाह्या सरसावल्या. बॅटरी पाहिली, ती ठणठणीत होती. डिझेलचा फिल्टर बदलला. नळीत हवा धरली असेल म्हणून हातपंप मारून हवा काढली. कितीदा तरी केबिनमध्ये चढून त्याने स्वतः स्टार्टर मारला. अखेर इंजिनावरच्या नळीचा नट सैल करून पाहिले, तर तिथे डिझेलचा थेंबही येत नव्हता.

"डिझेलचा पंप गेला," तो म्हणाला. "उतरवून तालुक्याला पाठवावा लागेल. दोन दिवस लागतील."

भिकाजीने ताडपत्री उचलून पिशव्या दाखवल्या. "दोन दीस? दादा, ही पिल्लं दोन तास तरी काढत्यात का बघा!"

तेवढ्यात मिस्त्री आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. एकदा स्टार्टर मारायला लावून मागच्या नळकांड्याकडे पाहिले. धुराची रेघसुद्धा निघाली नाही. मग त्यांनी विचारले, "भिकाजी, गाडी बंद पडली, की तू बंद केलीस?"

"म्याच केली, बाबा. च्याला थांबलो व्हतो."

"मग आता वर बस, आणि बंद करून दाखव."

शिष्याने चमकून पाहिले. भिकाजीला वाटले, म्हातारा आपली थट्टा करतोय. "बाबा, ती बंदच हाय की!"

"असू दे. मघाशी केलीस तशीच पुन्हा कर."

त्या जुन्या ट्रकचे इंजिन चावीने बंद होत नसे. स्टेअरिंगच्या बाजूला बोर्डाखाली एक मूठ होती. ती खाली ओढली की डिझेलची वाट बंद होई आणि इंजिन थांबे. गाडी सुरू करायची तर मूठ वर गेलेली हवी. भिकाजी वर चढला, सवयीने हात मुठीकडे नेला आणि तिथेच थबकला. मुठीवर लाल खणाचे गाठोडे लटकत होते. तळ्याच्या देवीची ओटी होती ती. तिच्यातला नारळ पायाशी ठेवायचा नाही, म्हणून वाटभर त्याने ती मांडीवर घेतली होती आणि चहाला उतरताना समोर दिसलेल्या मुठीला अडकवली होती. नारळाच्या वजनाने मूठ खालीच राहिली होती.

मिस्त्रींनी धोतराला हात पुसले, चपला काढल्या आणि गाठोडे दोन्ही हातांनी उचलून भिकाजीच्या मांडीवर दिले. मूठ आपोआप वर सरकली. शिष्याने सैल केलेला नट आवळला. भिकाजीने स्टार्टर मारला. इंजिन दोनदा ठसकले, काळा धूर सुटला आणि सगळा ट्रक अंगभर थरथरत जागा झाला. हौद्यातल्या पिशव्यांत हजारो पिल्ले एकदम वळली. ट्रक तळ्याच्या वाटेला लागला. पाना हातात धरून, मागे पुसट होत जाणाऱ्या धुराकडे शिष्य पाहत राहिला.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "पानासुद्धा न लावता तुम्हाला हे कळलं कसं?"

मिस्त्री बाकावर टेकले. "लेका, तुझ्या कामात खोट नव्हती. तू इंजिनाला विचारत होतास, तुझं काय मोडलंय? त्याचं काहीच मोडलं नव्हतं. कुणीतरी त्याला थांब म्हणून सांगितलं होतं आणि ते बिचारं इमानानं थांबलं होतं. आपण एका हातानं थांब म्हणायचं, दुसऱ्या हातानं चल म्हणायचं, तर त्यानं ऐकावं कुणाचं? सुरू करताना माणूस इंजिनाकडे बघतो. बंद करताना त्याला आपल्या हाताकडे बघावं लागतं. म्हणून भिकाजीला पुन्हा बंद करायला लावलं."

शिष्य ओशाळला. "मी तर प्रत्येक वेळी त्या ओटीला नमस्कार करून स्टार्टर मारत होतो, बाबा."

"नमस्कार केलास ते चांगलंच केलंस," मिस्त्री हसून म्हणाले. "डोळे मिटून केलास, एवढंच."

दुपारी भिकाजीचा फोन आला. पिल्ले तळ्यात सोडली होती आणि एकूण एक पोहत होती. शिष्याने धावत जाऊन मिस्त्रींना निरोप सांगितला.

आपल्या घरातही एखादे माणूस असे अडून बसलेले असते. त्याला 'चल, चल' म्हणून ढकलण्याआधी, पूर्वी कधी आपणच त्याला 'थांब' म्हटले होते का, एवढे एकदा आठवून पाहावे.