न धुतलेल्या पायांचा रांजण

खापरोलीच्या तळ्याकाठी माती तुडवायचा दगडी काठाचा गोल खड्डा आहे. मातीकाम शिकायला आलेला माणूस चपला काढतो आणि सवयीने पाण्याकडे वळतो. तेवढ्यात गावातले वयोवृद्ध कुंभार रखमाजी आबा त्याला अडवतात. "घरात शिरताना धुवा, देवळात धुवा. इथं तसेच या." मग सगळ्यांना काठावर बसवून ते हकिकत सांगू लागतात.

फार पूर्वी या तळ्याची माती लोण्यासारखी मऊ होती, असे सांगतात, आणि तेच तिचे दुखणे होते. गाडगी-मडकी बरी निघत, पण मोठे भांडे भट्टीत तडके. घाटजाईच्या चैत्रातल्या जत्रेला खिंडीत पाण्याचा रांजण ठेवायचा मान खापरोलीच्या कुंभारांचा. त्या मानापोटीच तळ्याची माती त्यांच्याकडे होती. रांजण लागोपाठ फुटू लागले, तेव्हा गावकऱ्यांनी बजावले, की यंदा खिंडीत रांजण दिसला नाही तर तळे दुसऱ्या कुंभारांना देऊ.

कुंभारांचा म्होरक्या भागोजी. त्याने देवीपुढे शब्द दिला, की रांजण उभा राहिला नाही तर चाक उतरवीन आणि गाव सोडीन. दोष अस्वच्छतेचाच, अशी त्याची खात्री होती. त्याने माती फडक्यातून गाळली. एवढासा खडा दिसला तरी तो घरादाराला धारेवर धरी. पाय घासून धुतल्याशिवाय कुणाला खड्ड्यात उतरू देईना. त्याची बायको म्हणे शेजारणींना सांगे, "आमच्यात देवापेक्षा पायांना जास्त आंघोळ." पण माती जितकी निवळ झाली, तितके रांजण अधिकच फुटले.

शेवटच्या रांजणापुरती माती भिजत घालून भागोजी भट्टीसाठी लाकडे आणायला गेला होता. तेवढ्यात धाकटी सून सगुणी माहेराहून परतली. तिचे माहेर घाटाखाली, तांबड्या वाळूच्या ओढ्याकाठी. निघताना ती ओढ्यात मनसोक्त खेळली होती. लुगड्याचा घोळ वाळूने जड झाला होता, पाय गुडघ्यांपर्यंत लाल. खड्ड्यातली माती वरून सुकू लागलेली दिसली, आणि कुंभाराच्या लेकीला ते बघवेना. गाठोडे बाजूला टाकून ती तशीच उतरली आणि गाणी म्हणत माती तुडवत राहिली.

भागोजी परतला, तर काळ्या मातीत लाल कण.

"सूनबाई, पाय धुतले होते?"

"नाही, मामंजी. धूत बसले असते तर माती वाळली असती."

दुसरी माती गाळायला सवड नव्हती. भागोजी चाकावर बसला आणि म्हणाला, "फुटायचंच असेल, तर आता तुझ्या माहेरासकट फुटू दे."

त्याने चाकावर गळा उठवला, थापीने ठोकून पोट फुगवले. वाळल्यावर रांजण भट्टीत गेला. सगळे घर कान देऊन बसले, कारण तडकण्याचा आवाज त्यांना पाठ होता. तो आलाच नाही. भट्टी निवल्यावर भागोजीने रांजणाला टिचकी मारली, आणि घंटेसारखा नाद घुमला.

खिंडीत रांजण बसवून भागोजी घरी आलाच नाही म्हणे. तसाच घाट उतरून व्याह्यांकडे गेला, त्यांच्या ओढ्यात मनसोक्त हिंडला आणि परतल्यावर पाय न धुता खड्ड्यात उतरला.

इथे कुणीतरी विचारतेच, की दोन पायांना अशी कितीशी वाळू लागणार? आबा मान हलवतात. "माहेराहून निघालेली पोर ओढ्यात किती रेंगाळते, तुम्हाला काय ठाऊक?"

वाळूच्या कणांमुळे भट्टीत वाफेला बाहेर पडायला वाट मिळते, हे मी आबांकडे यायच्या आधी दूरदेशीच्या मातीकामाच्या शाळेत शिकले होते. ते सांगितल्यावर आबा खूश झाले. आता हकिकतीत तेही घालतात, "वाफेलाही माहेरी जायला वाट लागते."

आजही दर चैत्रात खिंडीत नवा रांजण जातो. त्याची माती तुडवायला सगळ्यांत लांबून आलेला पाहुणा आधी उतरतो, न धुतलेल्या पायांनी. उन्हात रांजणाच्या पोटावर बारीक रंगीत कण चमकतात, आणि पाणी प्यायला वाकलेला वाटसरू त्यांत आपल्या गावचा कण शोधतो.