सहावीतले साहेब

यंत्रमागांच्या एका शहरात, दिवसभर खटखटाट चालणाऱ्या एका गल्लीत, एक भोळा शिपाई होता. नाव मुरलीधर घोंगडे. गल्लीतल्या पाचवी ते सातवीच्या चिमुकल्या शाळेत तो घंटा द्यायचा, झाडलोट करायचा आणि सांगितलेलं काम अगदी सांगितल्यासारखं करायचा. सगळी गोची तिथंच होती.

शाळेत पोरं थोडी. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी उर्दू. भांडायची मात्र सगळी मराठीत. बाप मागावर, आया विड्या वळायला. निकाल बेताचाच. अशात वरून निरोप आला की तपासणीला साहेब येणार. पट आणि निकाल त्यांना पटला नाही तर शाळेला कुलूप, आणि पोरं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत. पण ट्रकांच्या गर्दीतून रस्ता ओलांडायला पोरींना कुणी पाठवणार नव्हतं. मुख्याध्यापिका शिरसाटबाईंना हे चांगलं ठाऊक होतं. त्यांची झोप उडाली.

त्या मुरलीला म्हणाल्या, "मुरली, आपल्याकडे गळती फार आहे बघ. काहीही करून थांबवायला हवी."

"थांबवतो की बाई."

मुरली डांबराचा डबा घेऊन पत्र्यावर चढला. एकही भोक सोडलं नाही. डांबर पातळ होतं, ते भोकांतून खाली पाचवीच्या वर्गात ठिबकलं. मराठीचा धडा तिथंच चिकटला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, गळती म्हणजे पोरं शाळा सोडून जातात ती. पोरं बाहेर निघाली की दार लावायचं, समजावायचं, परत आत बसवायचं."

"असं होय. आता ध्यानात ठेवतो."

संध्याकाळी शाळा सुटली. पोरं दप्तरं घेऊन बाहेर निघाली. मुरलीनं फाटक लावून घेतलं आणि प्रत्येकाला समजावलं की बाळांनो, शिक्षणाशिवाय गती नाही, आत बसा. पोरं आत, आया बाहेर, आणि मधे मुरली. एका आईनं फाटकावरून चप्पल फेकली तेव्हा बाई धावत आल्या.

"मुरली, ती सुटलेली पोरं आहेत. फाटकापाशी पोर उभं दिसलं की त्याला नीट घरी पोचवायचं. रस्ता वाईट आहे."

"असं होय. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन नव्या पोरी नाव घालायला आल्या. आई विड्या पोचवायला कारखान्यात गेली होती, तोवर त्या फाटकापाशी उभ्या राहिल्या. मुरलीनं दोघींचे हात धरले आणि त्यांना थेट घरी नेऊन सोडलं. वर शेजारणीला बजावलं, "पोरींना असं रस्त्यावर उभं करू नका."

बाईंना कळलं तेव्हा त्या स्वतः जाऊन पोरींना घेऊन आल्या. घामाघूम होऊन खुर्चीत बसल्या आणि एकेक शब्द तोडून बोलल्या. "मुरली. आता नीट ऐक. दारात नवं माणूस आलं, की हाताला धरून आत आणायचं. नाव, वय, घरची भाषा, वडील काय करतात, पत्ता, सगळं लिहून घ्यायचं. आणि वर्गात बसवायचं. एकालाही परत जाऊ द्यायचं नाही."

"असं होय. आता ध्यानात ठेवतो."

तपासणीचा दिवस आला. शाळेला बेसावध गाठायचं म्हणून पाखरेसाहेब वेळेच्या आधीच, गाडी लांब लावून, मागच्या दारानं आले. बाई आत पोह्यांत शेंगदाणे पुरेसे पडलेत का ते बघत होत्या. मागच्या दारात मुरली होता.

त्यानं साहेबांचा हात धरला.

"नाव?"

"दिगंबर पाखरे."

"वय?"

"पंचावन्न."

"उशीर झाला, पण हरकत नाही. घरी काय बोलता? वडील काय करतात? राहता कुठं?"

वरून काही नवा आदेश निघाला असेल, असं साहेबांना वाटलं. आदेश आपल्याला ठाऊक नाही हे शिपायासमोर कशाला दाखवा. त्यांनी मुकाट्यानं सांगितलं. घरी मराठी. वडील निवृत्त पोस्टमन. घर जुन्या टपाल कचेरीमागं.

मुरलीनं त्यांना सहावीत नेऊन मागच्या बाकावर बसवलं. सहावीचे सर जनगणनेच्या कामावर गेले होते आणि भाग्यश्री चिट्याल नावाची मॉनिटर फळ्यावर गणितं घालत होती. साहेबांना वाटलं, बसून वर्ग बघायचा असेल. मुरलीनं पुढ्यात कोरा कागद ठेवला. अपूर्णांकांची गणितं होती. साहेब गालात हसले. सहावीचं गणित, त्यात काय. त्यांनी पेन काढलं.

थोड्या वेळानं त्यांचं हसू गेलं. अजून थोड्या वेळानं त्यांनी शेजारच्या पोराच्या कागदाकडं मान वळवली.

"काका, बघून नाही लिहायचं," भाग्यश्री म्हणाली. "भागाकार आहे. दुसरा अपूर्णांक उलटा करा, मग गुणा."

तिनं कागद गोळा करून तपासले. पोरं बहुतेक सगळी पास. मागच्या बाकावरचा एक नापास.

मुरली बाईंकडे गेला. "बाई, आज एक नवा आलाय. गणितात नापास झाला."

बाईंचे डोळे खिडकीतून रस्त्यावर, साहेबांच्या गाडीची वाट बघत. "मग मला काय विचारतोस? पालकांना बोलावून आण."

मुरली सायकलवरून गेला आणि रिक्षानं परत आला.

तोवर बाईंना साहेब सापडले होते. त्या हात जोडून उभ्या होत्या. साहेब लालबुंद होऊन, ही शाळा आजच बंद करतो, असं सांगत होते. अख्खी सहावी ऐकत होती. तेवढ्यात मुरलीच्या खांद्याला धरून एक पिकलेले म्हातारबाबा काठी टेकत वर्गात आले.

साहेब एकदम उठून उभे राहिले. "आबा, तुम्ही?"

आबांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते बाईंसमोर वाकले. "बाई, गणितात हा पहिल्यापासून असाच. घरी मी बघतो त्याच्याकडं. पण एवढ्यावरून शाळा बंद करू नका त्याची."

साहेबांनी बापाकडं बघितलं, भाग्यश्रीकडं बघितलं. मग गुपचूप बॅगेतून कागद काढून शाळा चालू ठेवण्याचा शेरा लिहिला आणि खाली सही केली.

आबांचा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटलं, पोरानं माफीनामा लिहून दिला.