खारीची उभी गाडी

जंगलाच्या कडेला एक मोठा जुना वड होता आणि त्याच्या सगळ्यात खालच्या ढोलीत एक खार आपल्या पिल्लाला घेऊन राहायची. वरच्या फांद्यांवर घुबड, वानर आणि कावळा असे शेजारी होते. तिघांच्याही गाड्या झाडाखाली उभ्या असायच्या. मुलांनो, जंगलात गाड्या कुठून आल्या हे मला विचारू नका. तुमच्या बिल्डिंगखाली आल्या तशाच आल्या. पंख असताना गाडी कशाला हवी, हेही कावळ्याला कुणी विचारलं नव्हतं.

सकाळ झाली की तिघेही आपापली गाडी सुरू करून ठेवायचे आणि मग निवांत दात घासायला जायचे. तो सगळा धूर वर चढताना आधी खारीच्या ढोलीत शिरायचा. पिल्लू दिवसभर खोकायचं. डॉक्टर बगळ्याने स्पष्टच सांगितलं, "औषध देतो, पण धूर थांबल्याशिवाय हा खोकला जायचा नाही."

म्हणून खारीने बॅटरीवर चालणारी गाडी घेतली. एका गाडीने काय होणार, हे तिलाही कळत होतं. पण आपली पाहून दुसरा घेईल, मग तिसरा घेईल, अशी वेडी आशा तिला होती. तिने गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढे वाटले. सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि गाडीत बसून एकेक चक्करही मारून आले.

"आवाजच नाही हो," वानर म्हणालं. "पण खारताई, एका चार्जमध्ये जाते किती?"

"दोन डोंगर ओलांडून परत येते."

"आणि तिसऱ्या डोंगरावर जायचं झालं तर?"

हे वानर जन्मात कधी तळ्याच्या पलीकडे गेलेलं नव्हतं.

"पलीकडच्या रानात अशी एक पेटली म्हणे," कावळा म्हणाला.

"तुम्ही पाहिलीत?"

"पाहायला कशाला हवं? सगळ्यांना माहीत आहे."

तेव्हा त्याच्या स्वतःच्या गाडीखाली पेट्रोल ठिबकत होतं.

गाडी चार्ज करायला वडाखाली एक प्लग हवा होता. जागा सगळ्यांची, म्हणून खारीने सभेत रीतसर अर्ज दिला. घुबड अध्यक्ष होतं.

"आमचा विरोध नाही," ते म्हणालं. "हवेचं आम्हालाही कळतं. पण आज तुम्हाला प्लग दिला, तर उद्या सगळेच मागतील."

"मागू देत ना. त्यासाठीच तर गाडी घेतली," खार म्हणाली. "माझं पिल्लू खोकतंय हो."

मग कावळ्याने पुन्हा आगीचा विषय काढला, वानराने विरोधात हात वर केला आणि अर्ज नामंजूर झाला. चहा झाल्यावर मंडळी घरी गेली.

खारीने ढोलीतून वायर खाली सोडून पाहिली. झाडाला शोभत नाही म्हणून घुबडाने ती काढायला लावली. जवळचा प्लग नदीपलीकडच्या जांभळीखाली होता, तिथे 'बाहेरच्यांसाठी नाही' अशी पाटी होती. होतं नव्हतं तेवढं चार्जिंग संपलं आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. तिच्यावर पानं साचली, पाखरांची घाण साचली. आल्यागेल्याला वानर ती हौसेने दाखवायचं. "ही बघा बॅटरीची गाडी. कधीची उभी आहे. आम्ही आधीच सांगितलं होतं." त्याच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, आणि मला संताप येतो तो त्याचाच.

एके दुपारी पिल्लाला श्वास घेता येईना. खार त्याला उचलून गाडीकडे धावली, पण गाडी हलली नाही. शेवटी वानरानेच आपली गाडी काढली. तसं ते वाईट नव्हतं. वाटभर गाडीच्या धुरात पिल्लू कासावीस होत होतं, पण बगळ्याने त्याला कसंबसं वाचवलं.

दुसऱ्याच दिवशी खारीने बॅटरीची गाडी विकली आणि धुराची घेतली. पुन्हा अशी वेळ आली तर दारात चालती गाडी हवी, एवढंच आता तिला समजत होतं. तेव्हापासून वडाखाली सकाळी चार गाड्या सुरू होतात आणि ढोलीत पिल्लू खोकतं.

परवा मधल्या फांदीवर एक साळुंकी नव्याने राहायला आली. ती खारीला म्हणाली, "ताई, माझी पिल्लं धुराने बेजार झालीत. बॅटरीची गाडी घ्यावी म्हणते. तुम्ही घेतली होती ना? कशी आहे?"

खारीने एकदा वर ढोलीकडे पाहिलं.

"नको घेऊस बाई," ती म्हणाली. "उभीच राहते."

तात्पर्य : चांगल्या गोष्टीची वाट आपणच अडवायची आणि ती चालत नाही म्हणून तिला नावं ठेवायची, असं जिथे होतं, तिथे तिची सर्वांत जास्त गरज असलेलाही शेवटी इतरांना तिच्यापासून परावृत्त करू लागतो.