किल्ल्याला न दिसणारे गाव

आयर्लंडच्या हिरव्या बेटावर, एका राज्यात, तळ्याकाठी करड्या दगडांचा किल्ला होता आणि त्याच्या पायथ्याशी एक गाव होते. गावाला किल्ला दिसे. किल्ल्याला गाव दिसत नसे.

त्याचे कारण असे. फेर्गल राजाने तळ्यातल्या जादूगाराची सोन्याची घंटा पळवून आणली. जादूगार छातीभर पाण्यातून वर आला आणि म्हणाला, "राजा, ही घंटा तुझ्या घरात आहे तोवर तुझ्या घरातल्या कुणाला गावचे माणूस दिसणार नाही, ऐकू येणार नाही. तुझ्याच घरातले कुणी आपल्या हाताने ती परत देईल, तेव्हा शाप सुटेल."

तसेच झाले. गावकरी रोज दूध, पीठ, जळण वर पोचवत, कारण आत चाकरीला त्यांचीच माणसे होती; पण जो चाकरीला जाई तो किल्ल्याच्या घरातला होई, आणि त्यालाही गाव दिसेनासे होई. किल्ल्यातल्यांना वाटे, घंटा वाजवली की सारे आपोआप येते.

त्या गावात सोर्खा नावाची कोळीण समुद्राकडून चालत आली. तिची धाकटी बहीण लासरा कित्येक वर्षांपूर्वी किल्ल्याच्या मुदपाकखान्यात चाकरीला गेली होती, ती परतलीच नव्हती; घरून धाडलेली माणसे येऊन एवढेच सांगत, की ती आमच्याकडे पाहतही नाही. घरी आईने अंथरूण धरले होते.

ब्रोना नावाच्या विणकरणीने सोर्खाला घरात घेतले आणि सगळी हकिगत सांगितली. "तू आमच्या वेशीतून आलीस, म्हणजे तूही आमच्यासारखीच झालीस. आत जाऊन ये. कुणी अडवणार नाही."

कुणी अडवले नाही. सोर्खा पहारेकऱ्यांच्या मधून गेली, गोल जिना चढली. दरबारात राजाच्या आसनाशेजारी घंटा टांगली होती. सोर्खाने तिला हात लावला, तर हात धुरातून जावा तसा आरपार गेला.

मुदपाकखान्यात लासरा कणीक मळत होती. तिच्या केसांत एक पांढरी बट आली होती. सोर्खाने हाक मारली. लासरा मळत राहिली. सोर्खाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा लासरा उठली आणि तिने खिडकी लावून घेतली. वारा आला असे तिला वाटले.

बुरुजावर एक डोमकावळा राहत असे. त्याला मनुष्यवाणी येत होती, आणि तो ना किल्ल्याचा ना गावाचा, म्हणून त्याचे बोलणे दोघांनाही ऐकू येई.

"माझा निरोप नेशील?" सोर्खाने विचारले.

"तीन नेईन. प्रत्येकाचे मोल घेईन."

पहिल्या निरोपाला त्याने तिची शाल मागितली. तिने दिली. कावळा राजापुढे बसून म्हणाला, "राजा, घंटा परत दे. खाली गाव आहे."

"गाव असते तर गाऱ्हाणी आली असती," राजा म्हणाला. "माझ्याकडे एकही येत नाही."

दुसऱ्या निरोपाला कावळ्याने तिची वेणी मागितली. तिने कापून दिली. कावळा मुदपाकखान्यात गेला. "लासरा, तुझी बहीण आली आहे. आई आजारी आहे."

"इतक्या वर्षांत घरून कुणी विचारपूस केली नाही," लासरा म्हणाली. "पाखरा, खोटे बोलू नकोस."

सोर्खा तिच्या समोरच उभी होती. घरून वर्षानुवर्षे धाडलेली माणसे या दारातून अशीच परत का गेली होती, हे तिला आता कळले.

"तिसऱ्या निरोपाला काय देशील?" कावळ्याने विचारले.

"आई जाळी विणताना गाते ते गाणे. तेच घे आणि तेच ने."

"माझे झाले की तुला आठवणार नाही."

सोर्खाने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले. पुन्हा म्हणू गेली, तर पहिला शब्दही सापडेना.

कावळ्याने खिडकीत बसून आपल्या घोगऱ्या आवाजात गाणे म्हटले. लासराचे हात थांबले.

"हे आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. कुणी दिले तुला?"

"तुझ्या बहिणीने. तिच्यापाशी आता ते उरले नाही. राजाची घंटा तुझ्या हाताने तळ्यात परत दे, म्हणजे ती तुला दिसेल."

लासरा पिठाच्या हातांनीच दरबारात गेली आणि तिने घंटा काढून घेतली.

"ठेव ती," राजा म्हणाला. "उद्या आपण खायचे काय?"

"महाराज, जे काही मिळेल ते," लासरा म्हणाली आणि धावत सुटली. मागे पहारेकरी धावले, त्यांच्यामागे राजा. तिने घंटा तळ्यात टाकली. पाण्यातून एक हात वर आला आणि घंटा घेऊन खाली गेला.

राजाने वळून पाहिले, तर काठावर ब्रोना दुधाची घागर घेऊन उभी होती, आणि तिच्यामागे सारे गाव.

"तू कोण?"

"मी ब्रोना. तुमचे दूध मी आणते. महाराज, ओढ्यावरचा पूल पडला आहे. आम्ही चिखलातून येतो."

मग दुसरा बोलला, तिसरा बोलला. राजा तिथेच दगडावर बसला, आणि शेवटचा माणूस बोलून होईपर्यंत उठला नाही.

लासराला सोर्खा दिसली. अंगावर शाल नाही, केस कापलेले.

"ताई, केव्हा आलीस?"

"सकाळीच."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारली होती," सोर्खा म्हणाली. "चल."

दोघी वेळेवर पोचल्या. आईने लासराला ओळखले, तिच्या हातचा पाव खाल्ला, आणि हळूहळू उठून बसू लागली.

इकडे पुलाचे काम निघाले. पहिला दगड राजाने लावला. तो नीट बसला नाही, म्हणून गवंड्याने त्याला तो काढून पुन्हा लावायला सांगितले. राजाने लावला.