वळू धरणारी ठकूआक्का

फार वर्षांपूर्वी, विहिरींवर मोटा चालायच्या त्या काळात, बोरजाई गावात ठकू नावाची एक बाई राहत होती. ती वैद्य नव्हती. जनावरांचे वैद्य होते सिद्रामबाबा. ठकू त्यांच्यासाठी जनावर धरायची, एवढंच तिचं काम. पण असं म्हणतात, की ठकूनं धरलेलं जनावर कधी हललं नाही, आणि उभ्या जन्मात तिला ना कुणाची लाथ बसली, ना कुणाचं शिंग लागलं.

त्यात जादू काही नव्हती. ठकू जनावराच्या मागून कधी जात नसे. त्याला दिसेल अशी बाजूनं यायची, लांबूनच बोलायला लागायची आणि मग खांद्यावर हात टेकायची. भिंत आणि जनावर यांच्या मधे ती कधी उभी राहिली नाही. दावं बांधायची तेही असं, की एका हिसक्यात सुटावं. सिद्रामबाबा मोठे हुशार, पण उतावळे. त्यांच्या दोन बरगड्या गाईगुरांनीच मोडलेल्या. "ठके, तू अगोदर आली असतीस तर मी सरळ चाललो असतो," असं ते हसत हसत म्हणायचे.

त्या गावात देवाला सोडलेला एक वळू होता, पाखऱ्या. रंगानं पांढराशुभ्र, वशिंड डोंगरासारखं. त्याला ना वेसण, ना मालक. तो कुणाच्याही रानात शिरायचा आणि लोक हात जोडून म्हणायचे, खा देवा. गावातलं प्रत्येक वासरू त्याचंच.

एका वर्षी जत्रेच्या सकाळी पाखऱ्या चौकात आला तो तोंडातून फेस गाळत. मान ताणून हंबरत होता, डोकं झाडत होता, खेळण्यांची दुकानं उधळत होता. लोक ओरडले, "पिसाळला! पाखऱ्या पिसाळला!" कारण पंधरा दिवसांपूर्वीच एक पिसाळलेलं कुत्रं वेशीतून गेलं होतं. बाया पोरांना घेऊन देवळात शिरल्या. गावचा राखणदार भाला घेऊन आला. पण देवाच्या वळूवर भाला उचलायचा कसा? त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सिद्रामबाबांनी बाह्या सारल्या. "नरड्यात काही अडकलं असंल. हात घालून बघतो."

ठकूनं त्यांचं मनगट धरलं. "हात घालायचा न्हाई, बाबा."

"अगं, जीव जाईल त्याचा!"

"आन् लाळंत इख असलं तर तुमचा जाईल. बोटाला कालची चीर हाय तुमच्या. हितनं बघा आधी."

बाबा थांबले. दोघं देवळाच्या पायरीवरून बघत राहिली. गाव ओरडत होतं, आणि ही दोघं नुसती बघत होती. मग ठकू हळूच म्हणाली, "डाव्या बाजूला मानंत गोळा दिसतोय. पोटबी डावीकडं फुगलंय."

"अडकलंयच," बाबा म्हणाले. "पण पिसाळलेला न्हाई, असं मी छातीला हात लावून सांगत न्हाई."

"मग दोन्ही धरून चालू," ठकू म्हणाली.

तिनं हातांना कातड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या, तोंडावर पदर बांधला आणि दोर घेऊन निघाली. आवाज तिनं हलू दिला नाही. "पाखऱ्या, मी हाय रं. ठकू हाय." असं म्हणतात, त्या आवाजानं जत्रेतले ढोल आपोआप गप्प झाले आणि पिंपळावरच्या मधमाश्यासुद्धा पोळ्यावर बसून राहिल्या.

पाखऱ्या वळला आणि धावून आला. ठकू चौकातल्या कडुलिंबाआड सरकली. असं म्हणतात, झाडानंच आपलं खोड पुढं केलं. शिंगं खोडावर आदळली, ठकूनं शिंगांत फास टाकला आणि खोडाला एक वेढा दिला. पलीकडून गावातल्या हैबती माळ्यानं आणि आणखी चौघांनी दोर ताणला. "धरा! पर गाठ मारू नगा. पडला तर सोडाया यायला पायजे!"

मग ती बाजूनं गेली. खांद्यावर हात टेकला. तोंडाला हात न लावता तिनं बाहेरूनच मानेला तेल चोळलं आणि तो गोळा खालून वर, खालून वर सारत राहिली. सूर्य डोक्यावर आला. ठकूचे हात भरून आले, पण आवाज चालूच. आणि एकाएकी पाखऱ्यानं असा ठसका दिला, की देवळाची घंटा वाजली म्हणतात! तोंडातून भलंमोठं रताळं उडालं आणि हैबतीच्या पागोट्यावर जाऊन आदळलं.

हैबतीनं डोळे विस्फारले. "आरं, हे तर माझ्याच वाफ्यातलं!"

सारा चौक हसत सुटला. राखणदारानं भाला टाकला आणि तो भर चौकात नाचायला लागला. लोक पाखऱ्याला मिठ्या मारायला धावले, तशी ठकू कडाडली, "लांब! कुणी हात लावायचा न्हाई." तिनं आधी ते रताळं जाळायला लावलं, हैबतीला नदीत बुडवून काढलं, आणि स्वतः रिठ्याच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले. मग एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत तिनं पाखऱ्याला वेगळं बांधलं. त्याचं पाणी वेगळं, वैरण वेगळी. लोक म्हणाले, बरा झाला की आता! ती म्हणाली, "बरा हाय असं मला वाटतंय. वाटण्यावर गुरं सोडायची नसत्यात." महिना सरला, पाखऱ्या धडधाकट राहिला, आणि मगच त्याची वाजतगाजत मिरवणूक निघाली. सिद्रामबाबांनी आपल्या अंगावरचं घोंगडं ठकूच्या खांद्यावर घातलं आणि स्वतः मागून चालले.

ठकूआक्का शंभर वर्षं जगली असं म्हणतात. कुणी म्हणतं, सव्वाशे.

आजही बोरजाईत सरकारी डॉक्टर लस टोचायला येतात, तेव्हा सारं गाव पुरणपोळी करतं. पहिलं ताट डॉक्टरांना मिळत नाही. मागच्या साली एक नवे डॉक्टर आले, पाटावर बसायला निघाले. एका म्हातारीनं त्यांना हातानं थांबवलं आणि त्यांच्यासोबत आलेल्या, शेणानं माखलेल्या मदतनिसाला पुढं बोलावलं. तो बिचारा संकोचून मागं सरला. म्हातारी म्हणाली, "बस बाबा, आमच्यात धरणाऱ्याचा घास पहिला." डॉक्टर पाटापासून बाजूला झाले. मग त्यांनीच तांब्या उचलला आणि त्याच्या हातांवर पाणी घातलं.