काकवीचा चटका

नदीकाठच्या एका गावात धुळाप्पा नावाचा गुळव्या होता. उसाचा रस आटवायचा, गूळ झाला की काहील, म्हणजे रसाची ती भली मोठी कढई, चुलवाणावरनं उतरवून घ्यायची, हे त्याचं काम. हाताला कसब, तोंडानं गप. गुऱ्हाळाचा मालक आनंदराव वाट्टेल ते बोलायचा, हा खाली मान घालून ढवळत राहायचा.

एक दिवस रस आटून घट्ट काकवी झाली, रटरटायला लागली. जाळाला उसाची चिपाडं घेऊन मजुरीवरची रंगूबाई काहिलीजवळनं चालली होती. काकवी उसळली ती थेट तिच्या हातावर. पुसायला गेली तर काकवीसंगं कातडंच आलं. बाई किंचाळली. धुळाप्पानं घागरभर गार पाणी तिच्या हातावर ओतलं.

मालक खाटेवरनं उठलासुद्धा नाही.

"एवढं बोंबलायला काय झालं गं? माझ्या अंगावर रोज बंबातलं कढत पाणी उडतंय. मी रडतो का? चल, चिपाडं घाल. जाळ पडतोय."

धुळाप्पाचं डोकं सणकलं. "मालक, ते नुसतं पाणी. ह्या काकवीत साखर विरघळलीया. साखर पाण्याला लवकर उकळू देत न्हाई. पाण्यापेक्षा लई जास्त तापावं लागतंय, तवा कुठं काकवीला उकळी फुटती. वर आणि चिकटून बसती. बाईला तुमच्या जीपमधनं दवाखान्यात न्या."

"जीप? आणि सीट चिकट झाल्यावर तू चाटणार काय? उकळलं ते उकळलं! पाणी काय नि काकवी काय!"

"मग घाला की बोट."

आनंदरावानं काहिलीकडं बघितलं आणि हात गपकन खिशात घातला.

म्हंजे ठाऊक होतं त्या माणसाला! चांगलं ठाऊक होतं. हात दुसऱ्याचा होता, एवढंच.

काहील उतरायची वेळ झालेली. अजून थोडं थांबलं तर सगळा गूळ करपणार. गूळ करपवला म्हणजे गुळव्याच्या तोंडाला काळं. तरी धुळाप्पानं हातातलं ढवळायचं फावडं फेकून दिलं. दारात जुंपून उभ्या बैलगाडीतला ऊस खाली ओढला, रंगूबाईला वर बसवली आणि दवाखान्याकडं बैल हाणले.

"अरं ए! काहील कोण उतरवणार? तुझा बाप?"

"तुम्हीच उतरवा. पाणीच हाय नव्हं ते!"

गाडी वेशीपर्यंत गेली तोवर करपल्याचा वास आला. धुळाप्पाच्या काळजाला तो झोंबला. पण बैल त्यानं थांबवले नाहीत.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याच्या भाजण्याला जो हलकं म्हणतो, त्याला सगळं कळत असतं. त्याच्यापुढं खाली मान घालून राबत बसू नये. काम करपलं तर करपू द्यावं, भाजलेल्या माणसाला आधी उचलावं.